औषधाची सुट्टी

४ मे, गुरुवार
आले एकदाची! गाडीच्या टपावर गादी, मांडीवर बादली आणि शेजारच्या बाईंची कोंबडी कानाशी कोकलतेय, अशा थाटात माझी स्वारी समुद्रकाठच्या या गावात शिरली. आरोग्य केंद्रात नर्स मी एकटीच. राहायला आंटी मान्सांच्या अंगणातली खोली मिळालीय. अंगणात मासे धुरावर सुकवायच्या सहा भट्ट्या आहेत, तेव्हा माझे पांढरे गणवेश आठवड्यात तपकिरी होणार. आंटी साठीच्या, आवाज बाजार हलवणारा; पण चार पावलं चालल्या की छातीतून बारीक शिटी वाजते. चाळीस वर्षं धूर गिळलाय बाईने. जेवायला केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, तळलेले मासे आणि नाकातून पाणी काढणारा ठेचा. मी समुद्रापासून लांब, आतल्या गावची, म्हणून काटे काढता येतात का असं विचारत होत्या. मी तीन मासे फस्त केले.

७ मे, रविवार
आज आंटींची शिकवणी घेतली. त्यांच्याकडे श्वासातून ओढायच्या औषधाचे दोन पंप. दम लागला की छाती तेवढ्यापुरती मोकळी करणारा निळा, आणि छाती मुळात आवळूच नये म्हणून सकाळ-संध्याकाळ रोज घ्यायचा जांभळा. बाई निळा कमरेच्या फडक्यात बांधून दिवसातून वीसदा ओढतात आणि जांभळा खोक्यातून काढलेलाही नाही! म्हणे, जे लगेच गुण देतं तेच औषध, दुसऱ्याचा नुसता वास. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून पंप त्यात बसवून दिला. हलवा, श्वास पूर्ण सोडा, एकच फवारा, सावकाश आत ओढा, दहा आकडे धरून ठेवा, जांभळ्यानंतर चूळ भरा. हात थरथरतात, काळीज धडधडतं ते निळ्याच्या अतिरेकाने, हेही सांगितलं. निळा वरचेवर लागू लागला तर दुखणं वाढतंय असं समजून लगेच मला हाक मारायची. आंटी म्हणाल्या, माझा नवरा अख्ख्या जन्मात एवढं बोलला नाही.

९ मे, मंगळवार
मंगळवारी इथे कुणी होडी लोटत नाही, तो समुद्राच्या विसाव्याचा दिवस. आज आंटींनी जांभळा घेतलाच नाही. समुद्राला सुट्टी, होडीला सुट्टी, भट्टीला सुट्टी, मग औषधानेच काय पाप केलंय, असं उलट मलाच विचारलं. आणि म्हणे, मंगळवारी जन्मलीस, मंगळवारच्या मुलींचं अराबा नाव लावतेस, नि मंगळवारचा मान तुला कळू नये? मी इतकी हसले की रागवायचं राहूनच गेलं. घ्या सुट्टी, म्हटलं. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय! नव्या गावात पहिल्याच आठवड्यात वाईटपणा कोण घेणार.

३० जून, शुक्रवार
उद्यापासून महिनाभर मासेमारी बंद, माशांची पैदास व्हावी म्हणून सरकारी नियम. होड्या वर ओढल्या, जाळी सांधायला काढली. सोमवारी उघडलेल्या जांभळ्या पंपावर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा आज १०४ आहे. मंगळवार सोडला तर आंटी शहाण्या मुलीसारख्या औषध घेतात. आता रोज पाहायची गरज नाही.

१६ जुलै, रविवार
भट्ट्या थंड, शिटी बंद. आज चर्चमध्ये आंटी चक्क नाचल्या! त्यांची मुलगी एकुआ माझ्या गळ्यात पडून रडली, सिस्टर, तू माझी आई परत दिलीस म्हणाली. खोटं कशाला बोलू, मी फुगले.

२ ऑगस्ट, बुधवार
समुद्र उघडला. मासळीचे ढीगच्या ढीग. सहाही भट्ट्या पेटल्यात, समोरचं माणूस दिसत नाही. भिंतीपलीकडे शिटी पुन्हा सुरू झालीय. मी टोकलं तर आंटी म्हणाल्या, धंद्याचे चार दिवस आहेत गं, आत्ता बसून कसं चालेल.

५ ऑगस्ट, शनिवार
शिटी दिवसभर. निळा सोळा वेळा घेतला, मी मोजलं. हात असे कापतात की माशांची पाटी सुटून पडली. जांभळा मागून घेतला.
आकडा १०४.
विचारलं. समुद्र महिनाभर विसावला, म्हणून औषधही विसावलं, म्हणाल्या. तूच म्हणालीस ना, सुट्टी चालते.
जुलैत धूर नव्हता, एवढंच होतं ते. गुण माझा कसला आलाय. जांभळा आजपासून सुरू केलाय, पण तो काही एका दिवसात छाती सावरत नाही. मोठ्या दवाखान्यात चला म्हणून पाया पडले. सोमवारी, म्हणाल्या.

६ ऑगस्ट, रविवार
दोन शब्द बोलतात, मग श्वास. पुन्हा दोन शब्द. गाडी आणली होती मी. उद्या पहिली पाटी उतरली की येते, म्हणून हटून बसल्या. उचलून न्यायला हवं होतं. एकुआच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

७ ऑगस्ट, सोमवार
अकराला भट्टीपाशी कोसळल्या. ओठ निळसर. एकुआ गाडीसाठी धावलीय — सगळ्या गाड्या मासे भरून बाजाराला गेल्यात. केंद्रात प्राणवायू नाही. किती औषध दिलं ते इथेच लिहितेय, मोठ्या दवाखान्यात सांगावं लागेल.

११.०५ — बाटलीतून निळा, एकेक करून सहा फवारे.

११.२५ — पुन्हा सहा. शिटी अंगणभर ऐकू येतेय. नाडी मोजता येत नाही इतकी धावतेय.

मीच सुट्टी दिली. माझ्या तोंडाने —

११.४५ — सहा. गाडी नाही. आंटींनी उजवा हात घट्ट धरलाय माझा, डाव्या हाताने लिहितेय.

११.५५ — शिटी थांबली. बायका म्हणतात देव पावला. टाळ्या, गाणं सुरू झालंय. हाताची पकड सुटली. आंटी माझ्याकडे बघतायत, नुसत्या बघतायत.

छातीला तपासायची नळी लावली. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे — हवा आत गेली तरच शिटी वाजते, हवाच जात नसेल तर — बायांनो, गाऊ नका, गप्प बसा, मला ऐकू दे —