खिळ्याशिवायची चप्पल

तीर्थरूप बाबा,
तुमच्या धाकटीचा, म्हणजे इथल्या सिस्टरबाईंचा, नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात आता चपला मीच शिवते. आमच्या संत फ्रान्सिसनं कुष्ठरोग्याला मिठी मारली होती. मला निदान अशा रोग्याच्या पायात चप्पल घालता येते, ती तुमच्या चपलांच्या दुकानात शिकले म्हणून.

पहिला जोड मात्र मी तुमच्यासारखाच खिळे ठोकून केला. एक आजी तो घालून दोन दिवस हसतमुखानं फिरल्या. तिसऱ्या दिवशी बघते, तर खिळा तळव्यात रुतलेला! या रोगानं बधिर झालेल्या पायाला कळणार कसं? मी रडायला लागले, तर आजीच म्हणाल्या, "अगं, मला कुठे दुखतंय?"

आता एकही खिळा नाही. नुसती शिलाई आणि टाकून दिलेल्या टायरचा तळ. आतून हात फिरवल्याशिवाय जोड देत नाही. वर्षभरात कुणाच्या पायाला जखम नाही! डॉक्टर विचारतात, "कुठे शिकलात?" तुमचं नाव सांगताना माझं नम्रतेचं व्रत तेवढ्यापुरतं मोडतं.

ताईनं लिहिलंय, रक्तातल्या साखरेमुळे तुमचेही पाय बधिर झालेत. मला का नाही कळवलंत? कागदावर उभे राहा, ताईला पेन्सिलनं माप काढून मला पाठवू द्या. आणि खिळ्याशिवाय चप्पल कसली, म्हणून भांडू नका. आतून माझा हात फिरलेला असेल.

तुमच्याच दुकानातली,
धाकटी