मशीनला नजर लागू नये म्हणून

५ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. पुढेमागे माझी मुलाखत घ्यायला कोणी आलंच, तर तपशील हवेत.

पैनगंगेचा पूर मोजायचं नवीन मशीन पांढरकवड्याच्या ऑफिसात आलं. छोट्या प्लास्टिकच्या होडीत बसवलेलं. होडी पुलावरून दोरीने या काठापासून त्या काठापर्यंत ओढायची. मशीन पाण्यात आवाज सोडतं, तो गाळाच्या कणांवर आपटून परत येतो, त्यावरून पाण्याचा वेग कळतो. मला हे एका वाचनात समजलं. रजतलाही समजलं असेल, पण उशिरा.

आम्ही दोघंही कंत्राटी. नऊ तारखेला नागपूरचे मोठे साहेब डेमो बघणार आणि एकाला मशीनचा चार्ज देणार. दुसऱ्याचं कंत्राट दिवाळीला संपणार. रजतसाठी वाईट वाटतं.

६ ऑगस्ट
संकल्प: रोज पहाटे उठून मॅन्युअल वाचणे.
आज साडेआठला उठलो. पाऊस होता.

पहिलं पान वाचून झालं. मुद्दा एकच: आत होकायंत्र आहे. जवळ लोखंड आलं की ते बहकतं आणि सगळं मोजमाप चुकतं. लगेच सगळ्यांचा क्लास घेतला. मोटरसायकल लांब, चाव्या लांब, पट्टे काढा. खलाशी धावजींना हातातलं कडं काढायला लावलं. ते म्हणाले, "चांदी हाये साहेब, बापाची निशाणी. तिले कायले काढू?" नियम म्हणजे नियम.

७ ऑगस्ट
कळंबहून आईचा फोन. चार्ज मलाच मिळणार हे तिला मागेच सांगून टाकलंय. तिने चिंतामणीला नवस बोलला, वर गल्लीत पेढेही कबूल केले. आता मिळालाच पाहिजे. दोन प्लेट भजी खाल्ली. पाऊस होता.

रजत आज मशीनकडे फार वेळ बघत होता. म्हणाला, "भारी आहे बे." मला ते "बे" आवडलं नाही.

८ ऑगस्ट, संध्याकाळ
घरमालकीण बेबीताईंना रजतच्या बघण्याबद्दल सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचा ट्रक हैदराबाद लाइनला चालतो. त्या म्हणाल्या, "इतक्या भारी मशीनले नजर लागन ना बापू. आमच्या ट्रकले नाल बांधेल हाये, आजवर खरचटलं नाही." आणि दारावरची घोड्याची नाल काढून माझ्या हातात दिली.

मी विज्ञानाचा माणूस. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मोठ्या माणसाचं मन मोडू नये.

८ ऑगस्ट, थोड्या वेळाने
नाल लोखंडी आहे का? विचार केला. मूळची असेल. पण इतकी वर्षं दारावर गंजून, हळदीकुंकू खाऊन तिच्यात लोखंड फारसं उरलं नसणार.

९ ऑगस्ट, सकाळ
पुलावर. नदी गढूळ, दोन्ही थड्या भरून. होडी गोल फिरवून होकायंत्र जुळवलं. मशीनने ओके दिलं. मग कोणी बघत नाही असं पाहून नाल लाल दोऱ्याने झाकणाखाली बांधली. आता निश्चिंत.

९ ऑगस्ट, दुपार
किरकोळ तांत्रिक अडचण. होडीने जाताना एक नदी मोजली, येताना दुसरीच. स्क्रीनवर पैनगंगा पूल सोडून तिरपी कोणाच्या तरी कपाशीत शिरत होती. मोठे साहेब मान वाकडी करून बघत राहिले.

मी लगेच निदान केलं: कोणाजवळ तरी लोखंड आहे. जीप पुलापलीकडे पाठवली. चाव्या जमा केल्या. साहेबांनाही पट्टा काढायला लावला. ते एका हाताने पँट धरून उभे राहिले. पुन्हा मोजलं. नदी कपाशीतच. रजतचा चष्मा काढून घेतला, तारेची फ्रेम होती. त्याला काही दिसेना, तरी त्यालाच सुचलं की होडी वर घेऊन झाकण उघडून बघू. मी म्हटलं, गरज नाही. जरा जोरातच म्हटलं.

झाकण उघडलं.

धावजींनी नाल उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, "नाल त सापडली. घोडा कुठी हाये?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
साहेबांनी आपला पट्टा परत मागितला.

१० ऑगस्ट
फार लाज वाटली. जेवलो नाही. अर्थात मी मशीनची परीक्षा घेत होतो, हे साहेबांना आपणहून सुचायला हवं होतं. मशीन परीक्षेत पास झालं, याकडे कोणाचं लक्षच नाही.
चार्ज रजतला.
नाल बेबीताईंना परत केली. त्यांनी विचारलं, "गुण आला का बापू?" म्हटलं, मशीनला काही झालं नाही.

१४ ऑगस्ट
पुन्हा मोजणी. रजतने मला स्वतंत्र जबाबदारी दिली. सगळ्यांचं लोखंड गोळा करायचं आणि ते घेऊन पुलाच्या पार टोकाला, मशीनपासून लांब उभं राहायचं. धावजींना कडं घालू दिलं. नदी सरळ वाहिली म्हणे. मला तिथून दिसलं नाही.

चाव्या, पट्टे, छत्र्या सांभाळत उभा होतो, तेवढ्यात आईचा फोन. मशीन तुझ्याच हातात आलं ना, तिने विचारलं. म्हटलं, मशीन सोडून बाकी सगळं माझ्याच हातात आहे.

तिला ते मशीनपेक्षा मोठं पद वाटलं. नारळ घेऊन चिंतामणीला निघालीसुद्धा. मी थांबवलं नाही. दोन्ही हात भरलेले होते.