डोंगरावरची रिक्षा

प्रिय भिकन,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. जिवंतपणी तरी तू माझं एखादं पत्र पुरतं वाचलंस का? "पंडित, फोन करी ले ना भो," एवढंच तुझं उत्तर. आता फोनची सोय उरली नाही, म्हणून पुन्हा कागद.

काल सुमनवहिनींनी मला धुळ्याला बोलावून घेतलं. तुझ्या खुर्चीवर घडी केलेले कपडे होते, म्हणून मी पलंगाच्या कडेला बसलो. चहा ठेवून त्या म्हणाल्या, "पंडितभाऊ, एक इचारू का? डोंगरवर जाईसन तुम्ही बठ्ठा जन इतकं काय हासतस?"

अमळनेरच्या पाठशाळेत माझी काव्यं, नाटकं, अलंकार सगळं झालं. हास्यरसाची लक्षणं मला पाठ आहेत. पण या प्रश्नाला त्यातलं एकही लागू पडेना. मग म्हटलं, अस्वलाची गोष्ट सांगावी.

त्यांना सुरुवातीपासून सांगितलं. सातपुड्यात पाल गावाच्या वरच्या अंगाला आपण सकाळी चढत होतो. मोहाची फुलं पडण्याचे दिवस. मी पुढे, मागे तू आणि कापडवाले पारसशेठ. तुझा नियम असा की डोंगरावर जनावराचं नाव उच्चारायचं नाही. नाव लिधं की ते येस. वळणावर मी पाहतो तो मोहाखाली काळंकभिन्न अस्वल, फुलं वेचून खातंय. बोलायला तर हवं आणि नाव तर घ्यायचं नाही. मी हळूच मागे म्हणालो, "ऋक्ष."

"रिक्षा? आठे?" तू म्हणालास. "इचार, सीट खाली शे का."

पारसशेठ हसता हसता खाली बसले. अस्वलाने मान वर केली, आपल्याकडे पाहिलं आणि हे लोक काही कामाचे नाहीत अशा चेहऱ्याने ते झाडीत निघून गेलं. खाली गावात उतरल्यावर तू मला समजावलंस, "तुन्हं संस्कृत आस्वलले समजत नही ते ठीक शे, पण आमलेबी समजत नही ना."

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "रिक्षा काबर म्हनेत ते?" त्यांनी विचारलं. मग मी ऋक्ष म्हणजे अस्वल, हा वेदातला शब्द, वगैरे सुरू केलं. भिकन, विनोदाची व्युत्पत्ती सांगण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये. तू असतास तर दुसऱ्याच वाक्याला मला थांबवलं असतंस. गोष्ट आपण दोघं मिळून सांगायचो ना. मी वाढवायची, तू मध्येच टाचणी लावायची. एकट्याने सांगितली तर ती गोष्ट राहतच नाही, नुसती बातमी होते.

मग पाटणादेवीच्या वानराची सांगून पाहिली. त्याने माझी कळण्याची भाकरी पळवली, वरचा ठेचा त्याला झोंबला, आणि ते परत येऊन माझ्याकडेच रोखून बघत बसलं. "पानी दे त्याले, पाहुना शे," असं तू म्हणालास. वहिनी याला थोडं हसल्या. मग पदर नीट करत म्हणाल्या, "घरमा ते 'मीठ कमी शे' यान्हा पुढे बोलेतच नही, भाऊ."

हे काय केलंस रे तू? आम्हाला एवढी उधळण, आणि जिने जन्मभर डबा भरून दिला तिला मिठाचा हिशेब? आम्हाला वाटायचं, हा घरीही असाच असणार. तुलाही वाटलं असेल, पुढे बोलू, वेळ आहे. आणि गेलास तोही असा, दुपारचं जेवून वामकुक्षीला, एक शब्द न बोलता.

आता माझं ऐक. तू गेल्यावर आम्ही एकदाच डोंगरावर गेलो, लळिंगच्या किल्ल्यावर. सगळे इतके शहाण्यासारखे चालत होते की मला भीतीच वाटली. उतरताना घसाऱ्यावर मी सपशेल बसलो. तुझ्या काळात या पडण्यावर वर्षभर कोट्या झाल्या असत्या. पारसशेठ धावत आले आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "लागलं का हो, पंडितजी?" लागलं तेव्हाच. गुडघ्याला नाही. घरी आल्यावर गुडघ्याचं कारण सांगून मी डोंगर सोडला. चांगली माणसं आहेत रे सगळी, पण माझ्याशी नीट वागतात. नीट वागणाऱ्या माणसांत फार एकटं वाटतं.

वहिनींना हे सांगितलं नाही. पण निघताना त्या दारात उभ्या राहिल्या. "माले एकदा तठे लई चला. ते जठे हासेत, ते ठिकान माले देखनं शे."

मी गुडघा पुढे केला. म्हटलं, चढ फार आहे, मला आता झेपत नाही.

"तुम्हना गुडघा दुखस ते मी पुढे चालसू," त्या म्हणाल्या. "तुम्ही मांगून या."

दाराशी त्यांचे नवे कॅनव्हासचे बूट दिसले. रोज संध्याकाळी गच्चीवर घालून चालतात म्हणे, सवय व्हावी म्हणून. म्हणजे विचारण्याआधीच बाईंचं ठरलेलं होतं. तुझ्यापेक्षा जास्त तयारीने निघाल्यात; तू तर पहिल्या वेळी स्लिपर घालून आला होतास.

तेव्हा वचन देतो. येत्या रविवारी पारसशेठांची गाडी काढून वहिनींना पालला नेतो. मी मागून चालेन. वाटेत तू जिथे जिथे जे बोललास ते तुझ्याच अहिराणीत सांगेन, माझे उच्चार कितीही पुस्तकी असोत. त्या हसल्या तर हसू देत. रडल्या तर पारसशेठांना पुढे पाठवीन आणि तिथेच बसून राहीन, समजावणार नाही. माझ्याकडे राहिलेला भिकन त्यांच्या हवाली करायचा आहे. सगळा देईन असं म्हणवत नाही. थोडा मला ठेवून घेईन.

तुझा,
पंडित