बाईसाहेबांच्या मागच्या पाटीचा दिवा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. गेले पाच महिने मी गाडीच्या मागे इतका वाकलो आहे की आता सरळ उभं राहून नमस्कार करणं जमतच नाही.) तुझी आणि वहिनींची तब्येत बरी असेल, तुझा गुडघा कुरकुरत नसेल, असं धरून चालतो, कारण सात वर्षांत तुझ्याकडून काहीच कळलेलं नाही. वहिनी फोनवर ‘बरं आहे’ म्हणतात, पण ते गुडघ्याबद्दल असतं, तुझ्या रागाबद्दल असतं की फोनच्या आवाजाबद्दल, हे मला उमगत नाही. इकडे अप्पा ठणठणीत आहेत. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली, दात स्वतःचे, काठी फक्त लोकांकडे रोखायला. मी मात्र पार गोंधळून गेलो आहे, आणि हा गोंधळ कोणाला तरी पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अप्पांनी आपल्या बाईसाहेबांची, म्हणजे गाडीची, किल्ली तुझ्याऐवजी माझ्या हातात ठेवली, तेव्हापासून तू या घराची पायरी चढलेला नाहीस. तुझं रागावणं मला पटलं होतं. लहानपणी रेडिओपासून नळापर्यंत सगळं उघडून परत जोडणारा तू. मला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे अजून पाय ठेवल्यावरच कळतं. अप्पांनी असं का केलं हे मला कळलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. अप्पा कुठलीही गोष्ट एकदाच सांगतात, आणि ‘म्हणजे काय?’ असं विचारायची आपल्या घरात कोणाची छाती नाही, हे मी तुला काय सांगू! (एकदा त्यांनी जेवताना नुसतं ‘खिडकी’ म्हटलं होतं. आपण दोघांनी ती तीनदा उघडली आणि तीनदा लावली होती, आठवतं?)

तर यंदा बाईसाहेबांना पन्नास वर्षं झाली. मी अप्पांना न सांगता गाडी रंगवायला दिली. रंगवणाऱ्याने ती आरशासारखी करून आणली आणि मागच्या नंबर प्लेटचं गंजकं सामान काढून तिथे प्लास्टिकची नवी चौकट आणि निळसर उजेडाचा नवा दिवा बसवून दिला. अप्पांना फेरी मारून आणावं म्हणून मी गाडी दारात उभी केली. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, गाडीभोवती फिरले, मागे थांबले, म्हणाले, ‘‘पाटी बरोबर नाही,’’ आणि आत निघून गेले. दादा, त्या दिवसापासून ते गाडीत बसलेले नाहीत. रोज सकाळी काचेवरून फडकं मारणारा माणूस आता गॅरेजकडे पाठ करून पेपर वाचतो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस एखाद्या गोष्टीवरून उठला की परत बसेलच असं नाही, याची मला खरंच भीती वाटायला लागली.

पाटी बरोबर नाही म्हणजे अस्सल नाही, असा मी अर्थ काढला. (मी पदवीधर आहे.) प्लास्टिक गेलं पाहिजे आणि कारखान्यातून आली होती तशी चौकट, तसं ब्रॅकेट, तसा दिवा आला पाहिजे. पण ते दिसायचं कसं, हे कोणाला ठाऊक? गाडीचं पुस्तक काढलं, तर त्यात गाडीचं फक्त तोंड आहे. कारखानदाराला मागच्या बाजूची लाज वाटत असावी. मग अल्बम काढले. बाईसाहेबांचे मागच्या बाजूने काढलेले अकरा फोटो निघाले आणि अकराही फोटोंत पाटीच्या पुढे कोणाचे तरी पाय आहेत. त्यांतल्या नऊ फोटोंत ते तुझे आहेत. तू प्रत्येक वेळी नेमका तिथेच का उभा राहायचास, हे कोडं मी तेव्हा बाजूला ठेवलं, कारण माझ्यापाशी कोडी आधीच पुष्कळ होती.

मग सुरू झाली वणवण. आपला जुना मेकॅनिक, ज्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात (इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला लावतो म्हणून), त्याने छातीठोकपणे सांगितलं की दिवा पाटीच्या वर असायचा. भंगारवाला म्हणाला, वर नाही, डाव्या बाजूला. आणि जुन्या गाड्यांच्या सामानाने अख्खं घर भरून ठेवलेले एक निवृत्त शिक्षक आहेत, ते म्हणाले, दिवे दोन होते, दोन्ही बाजूंना, आणि ज्याला हे माहीत नाही त्याने गाडी बाळगू नये. तिघेही डोळे मिटून, कालच पाहिल्यासारखं बोलत होते. मी तिघांचंही ऐकून मान हलवली आणि घरी येऊन तीन चित्रं काढली. बायकोने ती पाहिली आणि अप्पांनाच का विचारत नाही, असं म्हणाली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती चित्रं तिथेच ठेवून कामाला लागली. ती या घरात तीस वर्षं असली तरी काही गोष्टी तिच्या अंगवळणी पडलेल्या नाहीत.

भंगारवाल्याकडे मी सतरा खेपा घातल्या. त्याच्याकडे मालाची रचना म्हणजे एकावर एक. तळाशी जे हवं ते असतं आणि त्याच्यावर ट्रकचा दरवाजा असतो. सतराव्या खेपेला दिव्याची पत्र्याची टोपी मिळाली, आतली काच मात्र नाही. काच शिक्षकांच्या घरी होती, जेवणाच्या टेबलावर, कापसात गुंडाळलेली. चौकट आणि ब्रॅकेटही त्यांच्याकडेच. पण ते विकत नाहीत, अदलाबदल करतात. त्यांना आपल्या गाडीतला राखदाणीचा खण हवा होता. आपल्याकडे कोणी विडीकाडी ओढत नाही, म्हणून मी तो आनंदाने काढून दिला. घरी पोचल्यावर लक्षात आलं की एक अस्सल वस्तू आणण्यासाठी मी दुसरी अस्सल वस्तू देऊन आलो होतो. म्हणजे गाडी होती तितकीच अपुरी राहिली, फक्त भोक मागून पुढे आलं. हा हिशेब मी डॉक्टरला समजावून सांगायला गेलो, तर त्याने माझ्याच छातीला स्क्रू ड्रायव्हर लावला.

बसवण्याची कथा त्याहून वरताण. ब्रॅकेटची भोकं आणि गाडीच्या पत्र्याची भोकं एकमेकांना जुळेनात. बरोबर बोटभर फरक. डॉक्टर म्हणाला, पत्रा अस्सल आहे, त्याला नवं भोक पाडणार नाही. मी म्हटलं, मग ब्रॅकेट वाकव. तर म्हणाला, ब्रॅकेटही अस्सल आहे, त्याला हात लावणार नाही. दोघेही अस्सल आणि दोघांचं जमत नाही. (इथे मला तुझी आणि अप्पांची आठवण झाली, पण ते असो.) कोणे एके काळी हा पत्रा ठोकून सरळ केलेला दिसतोय, असंही डॉक्टर पुटपुटला. आपली गाडी कधी कुठे आपटल्याचं मी ऐकलं नव्हतं, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. शेवटी चपलेच्या रबराचे तुकडे मध्ये घालून सगळं बसलं, पण दिवा उलटा लागला आणि पाटीऐवजी आभाळाला उजेड पडायला लागला. तो सुलटा केला, तर डावीकडे वळायचा दिवा लावल्याशिवाय पेटेना. दोन दिवस वायरी इकडच्या तिकडे केल्यावर एकदाचा तो शहाण्यासारखा पेटला आणि आमचे दोघांचेही डोळे भरून आले.

मी अप्पांना बोलावलं. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. अप्पा मागे गेले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, ‘‘पाटी बरोबर नाही.’’

दादा, तीच गोष्ट दुसऱ्यांदा! माझ्या हातातला पाना खाली पडला. डॉक्टर उगाचच टायर तपासायला लागला. आणि तेवढ्यात माझी बायको, हातात ओला टॉवेल, वाळत घालायला निघालेली, जाता जाता सहज म्हणाली, ‘‘काय बरोबर नाही अप्पा?’’

अप्पा लगेच म्हणाले, ‘‘अगं, बुटाच्या पॉलिशचं झाकण कुठंय?’’

मग सगळं बाहेर आलं. गाडी वर्षाची असताना, तू चौदा वर्षांचा असताना, अप्पा दुपारचे झोपले आहेत असं पाहून तू ती मागे घेतलीस आणि फाटकाच्या खांबावर घातलीस. पत्रा विटेने ठोकलास. फुटलेल्या दिव्यावर पॉलिशच्या डबीचं झाकण भोक पाडून बसवलंस, आणि तुटलेल्या स्क्रूच्या जागी आईच्या शिलाई मशीनचा स्क्रू घातलास. (ते मशीन नंतर जन्मभर का खडखडलं, हे मला आज कळलं.) आणि मग पुढची सगळी वर्षं प्रत्येक फोटोत तिथे पाय रोवून उभा राहिलास! अप्पा झोपलेले नव्हते. खिडकीतून पाहत होते. म्हणाले, पोराने इतकं मन लावून चोरी झाकली की ओरडायला जीभ रेटेना. नंतर रोज गाडी पुसताना ते वाकडं झाकण दिसलं की हसू यायचं. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा हलला. माझाही आता लिहिताना हलतो आहे, पण पत्रात ते दिसत नाही ही सोय आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

तुझा,
धाकटा

ता. क. मूळ विनंती राहिलीच. रंगवणाऱ्याने ते झाकण कुठे फेकलं, देव जाणे. तसं झाकण तुझ्याशिवाय कोणाला करता येणार नाही. डबी कुठलीही चालेल, पण भोक वाकडंच हवं. पोस्टाने पाठवू नकोस, चेपेल. स्वतः घेऊन ये.

ता. क. २. वरचा ता. क. बायकोने वाचला आणि खोटं लिहू नका म्हणाली. झाकण हरवलेलं नाही. रंगवणाऱ्याने सगळं गंजकं सामान पिशवीत घालून तिच्याकडे परत दिलं होतं. झाकणात ती गेले पाच महिने टाचण्या ठेवते आहे. आईचा स्क्रूही आहे. मी ते लगेच बसवायला निघालो, तर अप्पा म्हणाले, ‘‘ते त्यालाच लावू दे.’’ एकदाच म्हणाले.

ता. क. ३. बायकोचं पाहून मीही धीर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना ‘का?’ असं विचारलं. किल्ली मला का दिलीत? ते म्हणाले, ‘‘तुला काही येत नाही म्हणून. वाटलं, आठवड्याभरात गाडी बंद पाडशील आणि त्याला बोलावशील.’’

सात वर्षं मी ती डॉक्टरकडून दुरुस्त करून घेत बसलो, दादा. ये.