डॅडींच्या लॉगबुकातलं शेवटचं पान

२ मार्च २००१, शुक्र. शारजा
वसईच्या ओट्यावर पहाटे डॅडी दाढी करायचे, मी आरसा धरायचे. मनगटावर दोन घड्याळं, एक लंडनच्या वेळेचं. "बेबी, लंडनात आत्ता कुठला वार?" मी "कालचाच" म्हटलं की खूश होऊन माझ्या नाकाला साबण लावायचे.

विमानात नॅव्हिगेटर होते. तारे बघून वाट सांगायची. आता इथे अल नहदाला मुलाच्या, इव्हानच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांचं लॉगबुक वाचतेय. शेवटच्या फ्लाइटचं पान तेवढं वाचायचं ठेवलंय.

४ मार्च
वाचलं. मुंबई ते शारजा, तारीख दहा. पहाटे साडेतीनला तीन तारे घेतले, पुढे "शारजा जवळ". विमान उतरलं मात्र साठ मैल आधीच, फुजैराच्या वाळूवर. मेलं कुणी नाही. ठपका पायलटवर, कॅ. बर्व्यांवर : घाईने खाली आणलं. लायसन्स गेलं. आमच्या घरी एवढंच माहीत.
मग डॅडींनी "जवळ" का लिहिलं?

७ मार्च
इव्हान : "मम्मी, पन्नास वर्षं झाली. खलास. ऑपरेशनची बॅग भर."
भरली. पण डोकं त्या पानावर.

९ मार्च, शुक्र.
चर्चमधल्या मासनंतर पिंटोला घरी आणलं. वसईचाच, बोटीवर ऑफिसर होता, आता जबल अलीला पोर्टात. डॅडींचा सेक्स्टंट, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, डोळ्याला लावून खिडकीत उभा. "आंटी, सूर्य कुठला, समोरच्यांची धुणी दिसतायत." पॅटिस चार खाल्ले. मग पानावरचे आकडे मांडायला बसला, दोनदा मांडले.
"आंटी, ताऱ्यांचं पंचांग लंडनच्या तारखेने बघतात. पहाटे साडेतीनला इथे दहा तारीख लागली तरी तिथे नऊच असते. अंकलनी दहाचं पान घेतलं."
"त्याने काय होतं?"
"साठेक मैल. पोचलो असं वाटतं. पोचलेलो नसतो."

तो दाढीच्या वेळचा प्रश्न. अपघाताच्या नंतरचाच असणार. त्याआधी डॅडी घरी असायचेच कुठे.

१० मार्च
फ्रान्सिसला वसईला फोन. माझा धाकटा भाऊ, कायम डॅडींची वकिली करणारा. "दर नाताळला ते स्वतः बर्व्यांकडे केक घेऊन जायचे. दोषी माणूस जाईल का?"
मला वाटतं, तोच जाईल.
"सुलभाला कळवलंस तर मला फोन करू नकोस."
सुलभा म्हणजे बर्व्यांची मुलगी, पुण्याला असते. अजून पत्र लिहिते : आमच्या बाबांच्या घाईमुळे तुमच्या डॅडींचंही उडणं सुटलं, क्षमा करा. मी दर वेळी मोठ्या मनाने क्षमा केली. अशी बावीस-तेवीस पत्रं असतील.

१३ मार्च
उद्या मुंबई. शुक्रवारी हार्टचं ऑपरेशन.
इव्हान, कमीजास्त झालं तर : घड्याळं दोन्ही तुला. सेक्स्टंट पिंटोला. जपमाळ आणि मोत्यांच्या कुड्या सूनबाईला. फोटोंचा आल्बम फ्रान्सिसला, त्यात डॅडी युनिफॉर्ममध्ये आहेत.
लॉगबुक सुलभाला. पोस्टाने नाही, हातात. पिंटोने मांडलेल्या हिशेबाचा कागद आत ठेवलाय.
फ्रान्सिसला आधी सांगू नकोस. नको, सांग. तो भांडेल, भांडू दे.
आणि मी बरी होऊन आले तर लॉगबुकाला हात लावू नकोस, मीच घेऊन जाईन. जाईनच, असं मात्र आज लिहवत नाही.