बंबाची तोटी

।। श्री जोतिबा प्रसन्न ।।

मोशी, नाशिक रस्ता
ता. ८ जानेवारी १९५५

ती. वन्सं यांना इंदूचा साष्टांग नमस्कार. दाजींनाही सांगावा. कुसुमला खूप खूप आशीर्वाद.

आम्ही दोघं देवाच्या कृपेनं बरी आहोत. ह्यांचा खोकला गेला. तुमचं पत्र परवा मिळालं. कुसुम पानात दुसऱ्यांदा भात मागते आणि परवचा न अडता म्हणते हे वाचून समाधान वाटलं. तुमच्या हातचं अन्न तिला मानवलं आहे, त्यात शंका नाही.

आमचं हे घर तुम्ही अजून पाहिलं नाही, म्हणून थोडं लिहिते. ह्यांच्या ठेकेदार नानासाहेबांनी लष्कराच्या लिलावातून उचललेली ती गाडी आहे. साहेब लोक तिला कॅरव्हॅन म्हणतात, गावातली माणसं डबा म्हणतात. रस्त्याचं काम पुढे सरकलं की सयाजी ड्रायव्हर आपला ट्रक जोडतो आणि घर ओढून पुढच्या मुक्कामाला नेतो. आत दोन बाकं, एक कपाट, एक फळी. त्या फळीवर मी देव मांडले आहेत. ओढताना देव पदराखाली धरून बसते. बाकी सगळं आवरता येतं, पाणी तेवढं आवरत नाही. दोन हंडे आणि एक माठ. गाडी हलली की अर्धं पाणी जमिनीवर, आणि नव्या मुक्कामी पोचल्यावर विहीर कुठली, कशी, कोणाची, हे कळेपर्यंत संध्याकाळ होते.

तुम्ही लिहिलंत की जिथे प्यायचं पाणी धड नाही तिथे पोर धाडणार नाही. तुम्ही चूक लिहिलं असं मी म्हणत नाही. भाद्रपदात तिला मुदतीचा ताप आला तेव्हा तुम्ही धावत आलात, तिला उचलून कऱ्हाडला नेलीत, रात्री जागवल्यात. तुम्ही नसता तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

पण तुमची अट मी मनावर घेतली आहे. पाणी धड हवं ना, मग गाडीत टाकीच बसवायची. उकळलेलं, दुपदरी फडक्यातून गाळलेलं पाणी तिच्यात भरायचं, म्हणजे मुक्काम हलला तरी चार दिवस बाहेरच्या पाण्याला हात लावायला नको. गाडीखाली लष्कराची जुनी टाकी होती, तिच्यात हात घातला तर गंजाचे पापुद्रे आले. हे म्हणाले, एखादं तेलाचं पिंप धुऊन घेऊ. मी म्हटलं, ज्या पाण्याला घासलेटाचा वास येईल ते मी देवाला घालू का मुलीला? शेवटी पिंपरीच्या पत्रेवाल्याकडून जस्ती पत्र्याची पेटी करून घ्यायची ठरली. आमच्या बाकाखाली बसेल अशी. माप मीच घेतलं.

तुमची दुसरी अटही ध्यानात आहे. माळकऱ्याच्या घरात चामडं लागलेलं पाणी चालणार नाही. बाजारातल्या प्रत्येक तोटीत चामड्याचा वायसर, म्हणजे चकती, असतो, तो मलाही नको आहे. तूर्त लाकडी बूच लावते, पुढचं सुचेल.

दिवाळीत तुमच्या स्वयंपाकघरात आपलं जे बोलणं झालं त्याविषयी आज लिहीत नाही.

तिळगूळ वेगळा पाठवते. कुसुमच्या वाटणीच्या पुडीवर तिचं नाव घातलं आहे.

तुमची
इंदू

—

(कार्ड)

कुरुळी
ता. ११ फेब्रुवारी १९५५

ती. वन्सं यांना सा. नमस्कार.

खुशाली आहे. टाकी झाली होती. "होती" लिहावं लागतं. मोशीहून इकडे येताना खडीच्या रस्त्यावर आतलं पाणी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर असं आदळायला लागलं की बाकाखाली कोणी रेडा कोंडला आहे असं वाटावं. कुरुळीच्या अलीकडे पेटीचा सांधा उकलला. अंथरूण, पीठ, ह्यांचे रस्त्याचे नकाशे, सगळं भिजलं. देव तेवढे कोरडे राहिले.

सयाजी म्हणाला, "वहिनीसाहेब, रस्त्यावर पाणी मारायची गाडी नानासाहेबांना फुकटात मिळाली." हसले सगळे. मीही हसले.

कुसुमला महाशिवरात्रीनंतर आणू असं मी लिहिणार होते. ते आता लिहीत नाही. पण तिला काही सांगू नका. आई येणार नाही, असं तर मुळीच सांगू नका.

इंदू

—

।। श्री जोतिबा प्रसन्न ।।

चाकण
ता. १४ मार्च १९५५

ती. वन्सं आणि दाजी यांना इंदूचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र लांबणार आहे. जेवणं झाल्यावर सावकाश वाचा. दाजींनी मोठ्यानं वाचलं तर उत्तमच, कुसुमच्याही कानांवर पडेल.

वन्सं, टाकी जमली.

आधी तुमची क्षमा मागते. लग्नात तुम्ही मला दिलेला तांब्याचा बंब मी मोडला. माझे दोन हंडेही मोडले. जस्ती पेटी फुटल्यावर ह्यांनी तिचं नाव टाकलं होतं. हे म्हणाले, चालत्या घरात पाणी साठत नाही, इंदे, हट्ट सोड. दोन दिवसांनी मी कुरुळीच्या विहिरीवरून पाणी आणत होते. शेजारची तानाबाई पुढे चालली होती, डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर, आणि घागरीत कडुलिंबाची डहाळी तरंगत होती. मी माहेरी असताना ओढ्यावरून येताना रोज हेच करत होते. डहाळी टाकली की पाणी उसळत नाही, पदर भिजत नाही. इतकी वर्षं मी ते विसरून गेले होते. तिथेच वाटेत उभी राहिले. तानाबाई मागे वळून म्हणाली, "काय वं बाई, पायात काटा मोडला का?"

व्हय, म्हटलं, चांगलाच मोडला.

आता माझा मूर्खपणाही ऐका. घरी येऊन, सांध्याला डाख देऊन पुन्हा जोडलेल्या त्याच जस्ती पेटीत मी लिंबाच्या डहाळ्या कोंबल्या. पेटी हलवून पाहिली, पाणी गप्प बसलं खरं, पण दुसऱ्या दिवशी चहा असा कडू झाला की ह्यांनी कप खिडकीबाहेर ओतला आणि एवढंच विचारलं, "आज कोणाला हिवताप आहे?" तेव्हा कळलं की हवी ती डहाळी नव्हे. पाण्याला धावायला मोकळं आवार मिळता कामा नये, बस्स. मिसळणाच्या डब्याला वाट्या असतात म्हणून हळद मोहरीत जात नाही. टाकीला आत आडवे पडदे घालायचे, आणि पडद्यांना झाऱ्यासारखी भोकं पाडायची, म्हणजे पाणी या खणातून त्या खणात जाईल, पण चालत जाईल, धावत नाही.

आणि भांडं तांब्याचंच हवं, म्हणजे पाणी शुद्ध राहील. म्हणून बंब आणि हंडे घेऊन चाकणच्या बाजारात ज्योतीराम तांबटाकडे गेले. तो म्हणाला, असला बंब आता मिळत नाही, मोडू नका, मी विकत घेतो. मी म्हटलं, मोडा. पहिला घाव घातला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं, हे तुम्हाला खोटं सांगत नाही. पत्रा ठोकून सरळ केला, पडदे बसवले, रिवेट मारले, सांधे डाखानं भरले, आतून नवसागर लावून कल्हई केली. चांदीसारखी चमकते. पडद्यांची भोकं मी दुकानाच्या पायरीवर बसून खिळ्यानं स्वतः पाडली. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

आणि तोटी! वन्सं, तोटी तुमच्या बंबाचीच. ज्योतीरामनं ती उकलून दाखवली. पितळेच्या भोकात पितळेचाच खुंटा घासून बसवलेला. वायसर नाही, चामडं नाही, दोराही नाही. तुमच्या अटीचं उत्तर लग्नापासून माझ्या न्हाणीत उभं होतं आणि मी रोज त्यातून आंघोळीचं पाणी काढत होते.

परवा कुरुळीहून इथे मुक्काम हलवला. मधला रस्ता नुसती खडी, रोलर फिरलेला नाही. मी टाकी तोंडापर्यंत भरली. वाटेत धूळ जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेला कणीक लावून बंद केली. टाकीच्या खाली चुलीतली कोरडी राख पसरली, एक थेंब जरी पडला तरी राखेवर दिसावा म्हणून. सयाजीनं विचारलं, अंथरुणं ट्रकात टाकू का. म्हटलं नको, टाकीवरच घाल. ह्यांना पुढे ट्रकात बसवलं आणि मी आत देव मांडीवर घेऊन बसले. गाडी अशी हाले की माझे दात वाजत होते. बाकाखाली मात्र नुसतं खुळखुळ, खुळखुळ, लहान मूल पोटभर दूध पिऊन झोपल्यासारखं.

चाकणला पोचल्यावर हे उतरून आत आले, ओणवे झाले आणि राखेवरून बोट फिरवलं. कोरडी. बाहेर जाऊन सयाजीला आणि रोलरवाल्याला बोलावून आणलं. तेही ओणवे. तेवढ्यात मी ऐटीत तांब्या लावून तोटी फिरवली. पाण्याची धार आली, बारीक झाली आणि बंद पडली.

सयाजी तोंडावर उपरणं धरून बाहेर गेला. हे म्हणाले, कचरा अडकला असेल. माझ्या गाळलेल्या पाण्यात कचरा! मला राग यायच्या आधी लख्ख कळलं. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक वाऱ्याला. मी कणकेनं वाराच कोंडला होता. डोक्यातला आकडा काढला आणि कणकेत खुपसला. सुस्स झालं आणि तांब्या भरून वाहिला.

पहिला तांब्या देवाला. दुसरा ह्यांना दिला. हे प्यायले आणि म्हणाले, "गार आहे." एवढंच. पण तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे. ह्या माणसानं आमच्या लग्नातही एवढं बोलून दाखवलं नव्हतं. आता ज्योतीरामनं झाकणाला बारीक नळी बसवून तिच्या तोंडाला फडकं बांधून दिलं आहे.

तर पाणी धड झालं. आता दुसरं.

दिवाळीत करंज्या तळताना तुम्ही मला म्हणालात, "पोर इथंच राहू दे, इंदू. तुला अजून होतील, मला नाहीत." मी झारा फिरवत राहिले. माझ्या गप्प बसण्याला तुम्ही हो समजलात का, मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून तुमच्या पत्रांत "आमची कुसुम" येऊ लागलं आणि दर पत्रात एक नवी अट. मला त्याचा राग आला नाही असं लिहिणार होते. आला. रात्रंदिवस आला. मग वाटलं, तुम्हाला उत्तरच न देता मी टाकी करत बसले, हेही काही खरं नव्हे. पाण्याची टाकी झाली नसती तरी माझं उत्तर हेच असतं. तर ते आता स्पष्ट लिहिते.

नाही, वन्सं.

मला पुढे होतील किंवा होणार नाहीत. झाली तरी ती कुसुम नसतील. तिला तापातून तुम्ही काढलीत. तो उपकार मी फेडणार नाही, कारण फेडला की तो संपतो, आणि मला तो संपवायचा नाही. तुमच्या ओसरीत पोराचं बोलणं पहिल्यांदा घुमलं आणि आता ते मी नेणार, हे मला कळत नाही असं समजू नका. हे लिहिताना दोनदा टाक खाली ठेवला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं कऱ्हाडला येतो आहोत. ह्यांची तुमच्यापुढे मान वर होत नाही, म्हणून लिहायचं काम मी घेतलं. चाकणच्या शाळेत तिचं नाव घातलं आहे. गाडी कुठेही उभी असली तरी सयाजीचा ट्रक रोज चाकणला येतो, तो तिला पुढे बसवून आणील. तिचे कपडे बांधून ठेवा, पाटी राहू द्या, तुमच्याकडे ती पुन्हा लागेल. वैशाखात सुट्टी लागली की तिला मी स्वतः पोचवीन. सुट्टीला म्हणून. दर वर्षी.

तुमच्यासाठी इथे एक बाक मोकळं ठेवलं आहे. या, राहा, मन भरलं की जा. माळ घालून निर्धास्त पाणी प्या.

आणि कुसुमला हे पत्र वाचून झाल्यावर विचारा, आई येणार म्हटल्यावर ती काय करते. ती रडली तर माझ्यापासून लपवू नका. नाचली तर तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

तुमची धाकटी भावजय,
कुसुमची आई,
इंदू