पटाशीची धार

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, पण माझा राग काही तुमच्याबरोबर गेला नाही. आज तो पुन्हा उफाळून आला. डोंगरापलीकडं विद्यापीठ झालंय, तिथं तुमच्या नातीला प्रवेश मिळालाय. तिथला स्टुडिओ बघायला ती मला घेऊन गेली. एका खोलीत कॅमेऱ्यानं वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढतात, ती जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उभी करतात, आणि शेजारच्या खोलीत यंत्र त्याबरहुकूम लाकूड कोरतं. आत पाऊल टाकलं तर भुशाचा तोच वास. आणि यंत्रं चालवणाऱ्या सगळ्या पोरी! केसांत भुसा, हातात पाना, आणि त्यांना हटकणारं कुणी नाही. माझं डोकंच फिरलं.

मला आपली पडवी आठवली, तुम्ही सुतारकाम करायचात ती. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. मी उरलेल्या शिसवी फळीचा पोळपाट केला, तुमच्याच पटाशीनं. आईनं त्यावर पोळी लाटून पाहिली, जरासुद्धा डुगडुगला नाही. संध्याकाळी तुम्ही येता, पोळपाट उचलता, उलटापालटा करता, कडेवरून अंगठा फिरवता. काम चांगलं झालंय हे तुम्हाला कळलं होतं, अण्णा. सुताराला कळतंच. तरी म्हणालात, "पोरीचा हात लागला की पटाशीची धार जाती. पुन्यांदा हितं दिसू नगंस." आणि पोळपाट न्हाणीच्या चुलीत घातलात. वर त्यावर तापलेल्या पाण्यानं अंघोळ केलीत! दुसऱ्या दिवशी पौडच्या बाजारातून मला बांगड्या आणल्यात. आईला म्हणालात, "पोरगी लई हट्टी हाय, काय करावं?" दादाला मात्र मारून मुटकून शिकवलंत. तो आता माण गावात खोल्या भाड्यानं देतो, आणि तुमची हत्यारं पोत्यात गंजत पडलीत. घ्या, सांभाळा तुमची धार.

यंत्रापाशी उभ्या असलेल्या पोरीनं फळी बसवली, पेच आवळले आणि मला म्हणाली, "काकू, स्टार्ट तुम्ही करा ना." माझा हात काही पुढं होईना.

"आई, दाब की. घाबरतेस काय?" लेक हसली.

"मी कुणाला घाबरत नाही," मी तिच्यावरच खेकसले, आणि बटण दाबलं.

हे लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे. लेकीच्या हाती तर मुळीच पडू देणार नाही. कारण बटण दाबायच्या आधी मी एकदा दाराकडं पाहून घेतलं होतं, अण्णा, तुम्ही येताय का ते.